जावयाला विचारल्याशिवाय आकडा नाही

१६ फेब्रुवारी, सोमवार. सकाळी ९.४०

आजपासून रोजनिशी. उद्यापासून पाचला उठणार. आजच उठणार होतो, पण गजराचं घड्याळ बायकोच्या बाजूला होतं आणि तिनं तो गजर स्वतःसाठीच वापरला.

मशीन लर्निंगचा ऑनलाइन कोर्स संपला. सर्टिफिकेट आलं. प्रिंट काढून लॅमिनेट केलं आणि बेकरीत गल्ल्याच्या वर लावायला घेऊन गेलो. बायको म्हणाली, तिथे दरांचा बोर्ड आहे, गिऱ्हाइकाला तो लागतो. सध्या सर्टिफिकेट मैद्याच्या पोत्यांवर आहे. तात्पुरतं.

बेकरी सासऱ्यांची. ते गेल्यापासून बायको चालवते, आम्ही वरच्या मजल्यावर राहतो. मी ऑफिस सोडून वर्ष झालं. ऑफिसनं मला सोडलं असं काही लोक म्हणतात. ते काही लोक म्हणजे सासूबाई. ऑफिसात मी प्लॅनिंगला होतो, आणि प्लॅनिंगच्या माणसाला घरी बसवल्यावर त्या ऑफिसचं काय होणार हे सांगायला मॉडेल लागत नाही. (चांगलं चाललंय म्हणे. बघू.)

तर आता हे सगळं ज्ञान बेकरीला द्यायचं. तशी इथे माझ्या शब्दाला आधीपासून वजन आहे. संध्याकाळी दुकान आवरलं की भट्टीपाशी सगळे जमतात. बायको, गल्ल्यावर बसणाऱ्या सासूबाई आणि सासऱ्यांच्या काळापासून भट्टी सांभाळणारे उस्ताद. उद्या किती पाव लावायचे याचा प्रत्येकानं एकेक आकडा सांगायचा आणि मग बायको पाटीवर शेवटचा आकडा लिहिते. त्यात पहिला मान माझा. लग्न झाल्यापासून. ऑफिसात होतो तेव्हासुद्धा फोन करून विचारायचे. सासरे तर बजावून गेलेत की जावयाला विचारल्याशिवाय पाटीवर आकडा लिहायचा नाही. माणसांची पारख होती त्यांना.

१७ फेब्रुवारी. सकाळी ८.१५

गजर वाजला असं बायको म्हणते. माझ्याकडे तसा डेटा नाही.

१८ फेब्रुवारी. संध्याकाळ

मोठी बातमी! रस्त्यापलीकडच्या हॉस्पिटलच्या कँटीनला रोजचे पाव आमच्याकडून हवेत. बायको यासाठी किती वर्षं त्यांच्या पायऱ्या झिजवत होती. कँटीनच्या बाई स्वतः दुकानात येऊन गेल्या. सडपातळ, चष्मा गळ्यात, बोलणं एक घाव दोन तुकडे.

मार्च महिना ट्रायल. आदल्या दिवशी आकडा मिळणार नाही, कारण उद्या किती माणसं येतील ते त्यांनाच ठाऊक नसतं. अंदाज आपला आपण करायचा. पाव कमी पडले तर शेरा. ढीगभर उरले तरी शेरा, ठेवायला जागा नाही. तीन शेरे झाले की नमस्कार.

ट्रायल पार पडली तर वर्षभराचं काम आणि त्यावर नवी भट्टी. जुन्या भट्टीचं दार नीट लागत नाही, दोरीनं बांधून ठेवतात. ती दोरी सोडता-बांधताना बायकोच्या उजव्या हाताला चटके बसतात. मनगटापासून कोपरापर्यंत डाग आहेत. आज मात्र तोच हात हलवून हलवून ती नवी भट्टी कुठे बसेल ते उस्तादांना दाखवत होती. चहा गार झाला तरी हिचं संपेना. तिला इतकी खुशीत बरेच दिवसांत बघितलं नव्हतं.

मी म्हटलं, अंदाजाचं माझ्यावर सोड. ती हसली. होकार समजतो.

२० फेब्रुवारी

डिसिजन ट्री काढला. म्हणजे प्रश्नांचं झाड. आज सोमवार आहे का? हो, तर डावीकडे. काल पाव संपले होते का? नाही, तर उजवीकडे. असं करत फांद्या फुटत जातात आणि शेवटच्या पानावर आकडा. कागद पुरेना म्हणून स्वयंपाकघराच्या भिंतीवर काढला. सासूबाई म्हणाल्या, जावईबापू, भिंत पुसून द्यायची जबाबदारी कुठल्या फांदीवर आहे?

कोर्सचे सर सांगतात, एका झाडावर विसंबू नका, जंगल लावा. पण भिंत संपली.

२३ फेब्रुवारी

आज ऑप्टिमायझेशन. उताराची पद्धत. एक छोटं पाऊल टाकायचं, चूक कमी झाली का बघायचं, कमी झाली असेल तर त्याच दिशेला पुढचं पाऊल. मिठावर प्रयोग करतोय. रोज बनमधलं मीठ चिमूटभर कमी करायचं आणि गिऱ्हाइकाचं तोंड बघायचं.

२६ फेब्रुवारी

प्रयोग यशस्वी. तीन दिवसांत एकही तक्रार नाही. सासूबाई म्हणतात तक्रार नाही कारण गिऱ्हाईक नाही, सगळी समोरच्या दुकानातून बन नेतायत. उस्तादांनी मिठाचा डबा कुलपात टाकला आणि किल्ली कमरेला लावली. विचारलं तर म्हणाले, साहेब, तुमच्या उतारावरून आपण विहिरीत चाललोय.

२ मार्च, सोमवार

ट्रायल सुरू. काल संध्याकाळी नेहमीप्रमाणे पहिला मला विचारलं. रविवारी दुकानात झुंबड होती, तेव्हा सोमवारीही असणारच, मी भरपूर वाढवून सांगितलं. उस्तादांनी मान डोलावली, सासूबाईंनी हुं केलं, आणि बायकोनं पाटीवर मामुली आकडा लिहिला. चार पाव उरले. योगायोग.

पण एक नवा उपक्रम. आजपासून प्रत्येक जण काय आकडा सांगतो आणि खरे किती पाव लागले, ते रोज लॅपटॉपवर भरणार. विज्ञानासाठी.

६ मार्च

पाच दिवस झाले, एकही शेरा नाही. बायको पाटीवर बोट ठेवते आणि आकडा बरोबर येतो. याला पद्धत म्हणत नाहीत. असं फार दिवस चालणार नाही, हे तिला प्रेमानं सांगितलं. तिनं प्रेमानं ऐकलं आणि मला भांडी पुसायला दिली.

९ मार्च

एक नव्हे, तीन मॉडेलं तयार! एक झाडवालं, एक सरळ रेषेचं, आणि एक असं की त्याच्या आत काय चालतं ते मलाही कळत नाही. सर म्हणतात, एकाच शहाण्याचं ऐकण्यापेक्षा अनेकांचा कौल घ्यावा. एक चुकला तर बाकीचे सावरतात. याला एन्सेम्बल म्हणतात.

शिकवायला जुना डेटा हवा होता, पण गेल्या वर्षी रोज किती पाव लागले ते कुणीच लिहून ठेवलेलं नाही. (या घराचं हेच.) मग मीच बसून आठवून आठवून भरला. तीनशे पासष्ट दिवस. हात भरून आले, पण माझी स्मरणशक्ती बघून मीच थक्क झालो.

तिन्ही मॉडेलांना उद्याचा आकडा विचारला. तिघांनी एकच सांगितला! आणि गंमत म्हणजे माझ्याही मनात तोच होता. अंगावर काटा आला.

१२ मार्च

पोतं सरकवताना बायकोची कंबर धरली. डॉक्टरांनी पाठीवर पडून राहायला सांगितलंय. जिना उतरायचा नाही. बिचारी. आढ्याकडे बघत पडल्या पडल्या पावांची काळजी करतेय.

मी म्हटलं, आकड्याचं मी बघू का? ती कळवळून म्हणाली, करा हो काय करायचं ते, आधी ती गरम पाण्याची पिशवी द्या. पडत्या फळाची आज्ञा! पिशवी देऊन लगेच खाली गेलो. पाटीवर पहिल्यांदा माझ्या हातानं आकडा लिहिला. अक्षर सुंदर आलंय. उस्तादांनी विचारलं, हा मालकीणबाईंचा का? मी म्हटलं, वरूनच आलाय.

१३ मार्च

कमी पडले. थोडेथोडके नाही, निम्म्या कँटीननं दिवस बिस्किटांवर काढला. काल हॉस्पिटलात शुकशुकाट होता, म्हणून आजही असणार, असं तिन्ही मॉडेलांचं एकमत होतं. तर आज बाहेरच्या पेशंटांची ही रांग! पहिला शेरा.

अशा दिवसाला शास्त्रात अपवाद म्हणतात. अपवाद मोजायचा नसतो. कँटीनच्या बाईंनी मोजला.

बायकोला सांगितलं नाही. कंबर दुखत असताना मनाला त्रास नको. सासूबाईंनाही नाही, कारण त्यांना सांगणं म्हणजे स्पीकर लावणं. उस्तादांना म्हटलं, आपल्यातच ठेवा. ते मान हलवून भट्टीकडे वळले. तेच जास्त बोचलं.

१६ मार्च

विचार केला. चूक मॉडेलांची नाही, माझ्या भित्रेपणाची आहे. कोर्समध्ये एक धडाच आहे त्यावर. गावात पाच हॉटेलं असतील आणि तुम्ही रोज एकाच ठिकाणी जेवलात, तर बाकीची कशी आहेत ते जन्मात कळणार नाही. अधूनमधून मुद्दाम नवीन करून बघावं लागतं. तेव्हा उद्यासाठी असा आकडा लिहिला की जो या बेकरीत आजवर कुणी लिहिला नसेल. उस्ताद म्हणाले, साहेब, एवढं भट्टीत मावत नाही. मी म्हटलं, दोन वेळा लावा.

१७ मार्च

बरंच नवीन कळलं. उदाहरणार्थ, हॉस्पिटलच्या कँटीनमध्ये हात धुवायच्या बेसिनपर्यंत पाव रचता येतात. दुसरा शेरा.

दुपारी बाईंनी थेट बायकोला फोन केला.

१७ मार्च, संध्याकाळ

कठडा धरून एकेक पायरी उतरत बायको खाली आली. मी तयारीत होतो. अपवाद, नवे प्रयोग, डेटाचा अभाव, सगळे मुद्दे काढून ठेवले होते. तिनं काहीच विचारलं नाही. भट्टीपाशी गेली, दाराची दोरी सैल झाली होती ती ओढून बांधली, हात चटकन मागे घेतला आणि फुंकर घातली. मग पाटी पुसली आणि बराच वेळ कोरी पाटी घेऊन उभी राहिली.

चिडली असती, भांडली असती तर बरं झालं असतं. मला फार वाईट वाटलं. हे इथे लिहितोय कारण इथे कुणी वाचत नाही.

मग तिनं विचारलं, सांगा, उद्या किती? एवढं होऊनही पहिला मलाच विचारलं! 

२१ मार्च, शनिवार

कन्या आली. ती दुसऱ्या गावात याच क्षेत्रात नोकरी करते, पण कोर्सबद्दल तिला मुद्दाम कळवलं नव्हतं. सरप्राइज. सर्टिफिकेट दाखवलं (पोत्यांवर होतं, झटकून दाखवलं). मग तिन्ही मॉडेलं दाखवली. तिनं डेटा उघडला, वरखाली केलं आणि विचारलं, बाबा, हा मागच्या वर्षीचा खप कुणी लिहिला? मी म्हटलं, मी. आठवून.

ती म्हणाली, मग ही तीन मॉडेलं नाहीत बाबा, तीन वेळा तुम्हीच आहात. सगळी तुमच्याकडूनच शिकली, तर तुमच्यासारखीच चुकणार. कौल घ्यायचा तो वेगवेगळ्या तऱ्हेनं चुकणाऱ्यांचा घ्यावा लागतो.

हे मला माहीत होतं. फक्त या बाजूनं बघितलं नव्हतं.

तिला ट्रायलपासूनची माझी नोंद मात्र आवडली. कोण काय म्हणालं आणि खरे किती लागले. म्हणाली, हा खरा डेटा. माणसं हीच आपली मॉडेलं. कुणाच्या आकड्याला किती वेट, म्हणजे वजन, द्यायचं ते मशीनला काढू दे, सगळ्यांचं मिळून जे उत्तर येईल ते सगळ्यांत पक्कं. मी बाकीच्यांना आधीच सांगून ठेवलं की माझं वेट जास्त आलं तर कुणी वाईट वाटून घेऊ नका.

२२ मार्च, रविवार. सकाळ

निकाल. बायको ०.६. उस्ताद ०.५. सासूबाई ०.३.

मी उणे ०.४.

मशीन बिघडलंय.

२२ मार्च. दुपार

लॅपटॉप बंद करून चालू केला. उणे ०.४.

२२ मार्च. चहाच्या वेळी

कन्या हसून हसून सोफ्यावर आडवी झाली. डोळे पुसत तिनं समजावलं. शून्य आलं असतं तर तुमच्या आकड्याचा काही उपयोग नाही असा अर्थ झाला असता. उणे म्हणजे उपयोग आहे, भरपूर आहे, पण उलटा. तुम्ही वर म्हणालात की खाली जायचं. तुम्हाला वगळलं तर उत्तर बिघडतं बाबा, करून बघितलं मी.

मी न्यायासाठी बायकोकडे बघितलं. ती कंबरेला उशी लावून खुर्चीत बसली होती. उशीचं टोक चाळवत म्हणाली, अहो, पण हे आम्हाला ठाऊकच आहे. म्हणून तर आधी तुम्हाला विचारतो.

मी लॅपटॉप मिटला. ती म्हणाली, तुम्ही आज गर्दी बघितली की उद्याला वाढवता, आज शुकशुकाट असला की उद्याला कमी करता. ज्यांनी आज जास्तीचे पाव नेले ते उद्या कशाला येतील? आणि डॉक्टर आज बसले नाहीत तर उद्या दुप्पट रांग लागणारच. आमचं तिघांचं थोडं पुढेमागे होतं, पण तुमचं कसं, अगदी नेमानं. माझ्या बाबांनी लग्नाच्या पहिल्याच वर्षी ओळखलं होतं. म्हणाले होते, असा माणूस नशिबानं मिळतो, त्याला रोज विचारत जा.

सासूबाई म्हणाल्या, हे शेवटपर्यंत तुमचं नाव काढायचे हो.

उस्तादांना खालून बोलावून विचारलं. ते म्हणाले, साहेब, आम्हाला वाटलं तुम्हाला माहीत असेल.

२३ मार्च

कुणाशी बोललो नाही. जेवलो, कारण अन्नाशी वैर नाही. पाचला उठलो होतो. कुणी दखल घेतली नाही, मीही सांगितलं नाही.

२४ मार्च, मंगळवार. दुपार

सुचलं! उणे म्हणजे उलट. मग मीच उलट सांगितलं तर अधिक! आज मनात येईल त्याच्या बरोबर विरुद्ध आकडा सांगणार. साधं गणित आहे, यांना कुणाला सुचलं नाही. आज हॉस्पिटलात सामसूम आहे. म्हणजे मन म्हणतंय उद्याला कमी. म्हणजे मी म्हणणार, वाढवा. म्हणजे मी बरोबर. एकदा बरोबर आलो की उणे पुसलं जाईल.

२४ मार्च. संध्याकाळ

सगळे जमले. मी खणखणीत आवाजात मोठा आकडा सांगितला. उस्तादांनी सवयीनं मैदा कमी मोजायला घेतला. सासूबाई म्हणाल्या, मग बेतानंच लावा. बायकोनं खडू उचलला, पाटीला टेकवला, आणि थांबली. माझ्याकडे वळून बघितलं. इतकी वर्षं झाली लग्नाला, पण असं निरखून तिनं मला कधी बघितलं नसेल.

म्हणाली, उस्ताद, थांबा जरा. आणि मला म्हणाली, अहो, खरं सांगा. मनात काय आहे?

आधी मी आढेवेढे घेतले. ती म्हणाली, दोन शेरे झालेत. तिसरा झाला तर संपलं. तुम्ही असं करू नका, मला तुमचा खरा आकडा लागतो.  खडू धरलेल्या हातावर, जुन्या डागांच्या शेजारी, ताजा फोड दिसत होता.

मग सांगून टाकलं. कमी. एकदम कमी. तिनं सुस्कारा टाकला, बरं वाटलं असावं, आणि पाटीवर मोठा आकडा लिहिला.

२५ मार्च

कँटीनसमोर रांग दारापर्यंत. सगळ्यांना पाव मिळाले. सहा उरले.

३१ मार्च, मंगळवार. संध्याकाळ

तिसरा शेरा नाही! बाई येऊन सही करून गेल्या. बायको हसत होती आणि डोळेही पुसत होती. उस्तादांनी भट्टीच्या दाराच्या दोरीचा एक तुकडा कापून माझ्या हातात दिला, आठवण म्हणून ठेवा म्हणाले.

बायकोनं मला बाजूला घेतलं आणि एक वचन मागितलं. मी मनात म्हटलं, आता हिशेबांत लक्ष घाला म्हणेल. ती म्हणाली, पुढचा कोर्स करू नका. आहात तसेच राहा. तुम्ही जरा जरी सुधारलात तर आमचं सगळं गणित चुकेल.

वचन दिलं. बायकोसाठी माणसानं एवढं करायला हवं.

कन्येनं फोनवर सांगितलं की आकडा मोठा की छोटा ते चिन्ह झाकून बघायचं असतं. तसं बघितलं तर सासूबाई ०.३ आणि मी ०.४. मी सासूबाईंच्या पुढे आहे. हे त्यांना अजून कळवलेलं नाही.

३ एप्रिल, शुक्रवार

सर्टिफिकेट अखेर भिंतीवर लागलं. भट्टीच्या वर, पाटीच्या शेजारी. बायकोनं स्वतः खिळा ठोकला.

नवी भट्टी ठरवायची होती. दोन पसंत पडल्या होत्या. एक करड्या रंगाची, एक लाल. दोन्हींची माहितीपत्रकं टेबलावर मांडलेली, बायको, उस्ताद, सासूबाई भोवती बसलेले. सगळे माझी वाट बघत होते! बायको म्हणाली, घाई नाही, नीट विचार करून मनापासून सांगा.

मी चष्मा लावला. दोन्ही पत्रकं पहिल्यापासून वाचली. दार, आच, जाळी, सगळं पारखलं. उस्तादांना दोन अवघड प्रश्न विचारले. मग पूर्ण खात्रीनं सांगितलं, लाल.

बायकोनं तिथल्या तिथे फोन लावला आणि करडी मागवली.